पाकुडचा खून: हत्यार मुंबईतून गेलं होतं

पारावरचा

मागे बावला खून खटल्याच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की इस्टेटीपायी झालेला, रहस्यकथेत शोभेल असा खरा खून आपल्या देशात कुठला? बावलाचं सगळं उघड्यावर झालं. मलबार हिलचा रस्ता, गोळ्या, साक्षीदार. मला तेव्हा पाकुड आठवलं होतं, पण तिथे लिहिलं असतं तर मूळ विषयाचं वाटोळं झालं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

पाकुड आज झारखंडात आहे. काळ्या दगडाच्या खाणींचं गाव. तेव्हा ते संथाळ परगण्यात होतं आणि तिथली जमीनदारी पांडे घराण्याची. जमीनदार प्रतापेंद्रचंद्र पांडे १९२९ साली वारले. मागे दोन सावत्र भाऊ, थोरला बिनयेंद्र आणि धाकटा अमरेंद्र. इस्टेटीत दोघांचा हिस्सा सारखा. पण धाकटा अज्ञान, म्हणून चाव्या थोरल्याच्या कमरेला. थोरल्याला दारू, बाई आणि कलकत्त्याची हवा यांचा षोक. धाकटा शिकणारा, सरळ, रयतेचा लाडका. शिवाय नात्यातल्या एक वडीलधाऱ्या विधवा, राणी सूर्यवती, यांची स्वतःची वेगळी मालमत्ता होती आणि त्यांचा सगळा जीव अमरेंद्रवर. धाकटा सज्ञान झाला आणि त्याने हिशेब मागितला. इथून पुढचं बिघडलं.

१९३२च्या शरद ऋतूत मंडळी देवघर या गावी होती. बिनयेंद्र तिथे आला, धाकट्या भावासाठी भेट घेऊन. भेट काय, तर नाकावर चिमट्याने बसतो तसला चष्मा. स्वतःच्या हाताने त्याने तो भावाच्या नाकावर इतका दाबून बसवला की कातडी सोलली. काही दिवसांत अमरेंद्रला धनुर्वात. धनुर्वातावरचं सीरम मिळालं म्हणून पोरगा वाचला. आजारात थोरल्याने कलकत्त्याहून एक डॉक्टर आणला, तारानाथ भट्टाचार्य. हे नाव लक्षात ठेवा. घरच्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण घरातली गोष्ट घरात राहिली.

२६ नोव्हेंबर १९३३. अमरेंद्र, राणी आणि बाकीचे नातलग पाकुडला जायला हावडा स्टेशनावर आले. बिनयेंद्र निरोप द्यायला हजर, कुणी बोलावलं नव्हतं तरी. गर्दीत खादीतला एक ठेंगणा, काळासावळा माणूस अमरेंद्रला घासून गेला. अमरेंद्रच्या उजव्या दंडात काहीतरी टोचलं. तो तिथल्या तिथे म्हणाला, कुणीतरी मला टोचलं. बाही वर केली तर बारीक छिद्र. कमलाप्रसाद नावाचे नातलग म्हणत होते की प्रवास रद्द करा, रक्त तपासून घ्या. थोरल्या भावाने हसण्यावारी नेलं. गाडी सुटली.

तीन दिवसांनी अमरेंद्र परत कलकत्त्यात आला. मग ताप. ४ डिसेंबरला तो गेला. वय वीस. अंत्यसंस्कार झाले, म्हणजे शवविच्छेदनाचा प्रश्नच मिटला. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. आजारपणात डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं. अहवाल आला तो मरणानंतर. रक्तात प्लेगचे जंतू.

कलकत्त्यात त्या सुमारास प्लेग नव्हता. पाकुडातही नाही. घरात दुसरं कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही.

तरी तक्रार पोलिसांकडे पोचायला १९३४चा जानेवारी उजाडला. लालबाजारच्या, म्हणजे कलकत्ता पोलिसांच्या मुख्यालयातल्या, डिटेक्टिव्ह खात्यात ले ब्रॉक नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तपास सुरू झाला. आता त्यांच्या जागी बसून बघा. प्रेत नाही. सुई नाही. टोचणारा गर्दीत विरघळला, आणि तो आजतागायत सापडलेला नाही. हातात काय, तर एक प्रयोगशाळेचा कागद आणि एका कुटुंबाचा संशय. दुसरा कुणी असता तर टोचणाऱ्याच्या मागे कलकत्ता पालथा घालत बसला असता. यांनी उलटा प्रश्न विचारला: प्लेगचे जंतू या देशात मिळतात कुठे?

उत्तर आपल्या परळमध्ये. हाफकिन इन्स्टिट्यूट, प्लेगच्या लशीसाठी नावाजलेली संस्था.

तिथल्या दप्तरात मे १९३२ची एक तार निघाली. पाठवणारा तारानाथ भट्टाचार्य, कलकत्ता. संशोधनासाठी प्लेगचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत जंतू, हवेत. संचालकांनी नियमावर बोट ठेवून कळवलं होतं की बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. ती काही आली नाही. पुढचा धागा १९३३च्या उन्हाळ्यापावसाळ्याचा. बिनयेंद्र मुंबईत येऊन हाफकिनच्या माणसांशी ओळखी काढतो. जुलैत तारानाथही येतो. प्लेगवर औषध शोधलंय, चाचणी घ्यायचीय, या बतावणीवर त्याला ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू देतात. त्यासाठी कल्चर हाफकिनमधूनच येतं. पांढरे उंदीर टोचले जातात, मरतात. मग हा गडी अचानक काम अर्धवट टाकून कलकत्त्याला परततो. औषधाचं पुढे काही ऐकू येत नाही.

दोघांचं मुंबईतलं राहणं, येणंजाणं, भेटीगाठी, सगळं पोलिसांनी जुळवलं. १९३५ मध्ये अलिपूरच्या सत्र न्यायालयाने बिनयेंद्र आणि तारानाथ यांना फाशी सुनावली. १९३६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. आणखी दोन डॉक्टर आरोपी होते, ते पुराव्याअभावी सुटले.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा गुप्तहेर कोण वाटतो सांगू? हाफकिनमधला तो अनामिक कारकून, ज्याने नकार दिलेली तारसुद्धा फाइलला लावून ठेवली.

—

मिरचीभजी

बाबौ! चष्म्याचा परिच्छेद वाचताना स्वतःचा चष्मा काढून ठेवला. आता उरलेला धागा मोबाइल नाकाला लावून वाचतेय.

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

—

शंकासुर

लेख झकास, पण मी माझं काम करणार. रक्ताचा नमुना कलकत्त्यातल्या प्रयोगशाळेत गेला. तिथे इतर जंतू नसतील कशावरून? भेसळ झाली असेल. किंवा पोराला खरोखर पिसू चावली असेल. मालगोदामं, धान्य, उंदीर, सगळं हावड्याला आहेच. टोचलं म्हणजे सुईच कशावरून? गर्दीत खिळा लागतो, छत्रीची काडी लागते. बाकी सगळं 'भाऊ वाईट होता' या एका खुंटीला टांगलेलं दिसतं.

—

काचपट्टी

शंकासुर, माझी उमर प्रयोगशाळेत गेली म्हणून उत्तर देतो. एका कागदावर कुणी प्लेग लिहीत नाही हो. आधी रक्तातून जंतू वाढवायचा. मग काचपट्टीवर रंगवायचा. प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो, थेट सेफ्टी पिनसारखा. एकदा पाहिला की डोळा विसरत नाही. आणि तरीही साहेब सही करत नाही. उंदराला टोचायचं, तो मेला की त्याच्यातून पुन्हा तोच जंतू काढून दाखवायचा, मग सही. प्लेग हा शब्द अहवालात लिहिणं म्हणजे अख्ख्या शहराच्या आरोग्य खात्याला जागं करणं. तो कुणी चुकून लिहीत नाही.

पिसवाचं म्हणाल तर प्लेग एकट्यादुकट्याला धरून निघून जात नाही. आधी उंदीर पडतात. आमच्या घरी आजोबा सांगायचे, उंदीर पडला की घर सोडून माळावर झोपडी. इथे ना उंदीर पडले, ना शेजारी आजारी.

मला तर वाटतं खुन्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. त्या काळात विषमज्वराने रोज माणसं जायची, कुणी वळूनही पाहिलं नसतं. यांनी निवडला प्लेग, कारण त्यावर इलाज नव्हता. सल्फाच्या गोळ्या अजून यायच्या होत्या, स्ट्रेप्टोमायसिन तर पुढच्या दशकातलं. मरण पक्कं करायच्या नादात असा रोग उचलला की ज्याची प्रत्येक बाटली कुठल्या ना कुठल्या वहीत नोंदलेली.

—

पारावरचा

काचपट्टी, क्या बात है.

शंकासुर, तारखा एका ओळीत मांडून बघा. प्लेगची तार मे १९३२. चष्मा त्यानंतरच्या शरदात. म्हणजे चष्मा हा रागाच्या भरातला पहिला प्रयत्न नव्हे. पहिली खटपट प्लेगचीच होती, ती फसली म्हणून मधे धनुर्वात आला, तोही फसला म्हणून पुन्हा मुंबई. जमीनदाराच्या मुलाला प्लेगच्या संशोधनाशी काय घेणं? भेसळ एका बाटलीत होईल, दीड वर्षाच्या पत्रव्यवहारात कशी होईल?

—

शंकासुर

तारखांचा मुद्दा वजनदार आहे. नोंद घेतली. शरण आलेलो नाही.

—

हुगळीकर

कलकत्त्यात तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरातला मी. इकडे हे प्रकरण अजून चवीने सांगतात, 'पाकुड हत्या' म्हटलं की टॅक्सीवालाही दोन वाक्यं जोडतो. लेखात एक दुवा राहिलाय. हावड्याच्या आधी काही दिवस भवानीपूरच्या पूर्णा थिएटरच्या आसपास बिनयेंद्र घरच्यांच्या नजरेस पडला होता, आणि सोबत एक ठेंगणा काळा माणूस. म्हणजे टोचणाऱ्याची तालीम चालू होती, किंवा त्याला सावज दाखवणं चालू होतं. घरच्यांनी पाहिलं आणि तरी आठवडाभरात हावड्याला गेले.

हावडा ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गाडी सुटायच्या वेळी तिथे तुमच्या अंगावरून पन्नास माणसं जातात आणि एकाचाही चेहरा आठवत नाही. जागा निवडणाऱ्याला शहर ठाऊक होतं.

—

परळवाली

हाफकिनच्या आवारात शाळेची सहल गेली होती तेव्हा साप बघितले आणि वडापाव खाल्ला, एवढीच माझी ज्ञानसंपदा. आता या धाग्यामुळे थोडं वाचलं ते टाकते.

ती इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचं जुनं निवासस्थान. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, डॉ. व्हिएगसांनी तो ओळखला. वाल्डेमार हाफकिनने लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. पुण्यात रँडचा खून, सावित्रीबाईंचं प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना जाणं, हे सगळं त्याच १८९७ सालातलं. म्हणजे ज्या कल्चरसाठी तारानाथ धडपडत होता, ते तिथे असण्यामागे आपल्याच लोकांची मढी आहेत.

आणखी एक योगायोग. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला, त्याला निर्दोष ठरायला काही वर्षं लागली. पाकुडच्या प्रकरणातही हेच दोन रोग, फक्त इथे ते कुणीतरी मुद्दाम घडवून आणलेले.

ऑर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. रस्त्याचं नाव साने गुरुजी मार्ग झालं, पण कंडक्टरला अजून ऑर्थर रोडच कळतं.

—

मिरचीभजी

अवांतर: साने गुरुजींच्या नावाच्या रस्त्यावर भावाने भावाला मारायचं सामान गोळा झालं होतं. धन्य.

—

काचपट्टी

परळवाली ताई, छान माहिती. एक जोडतो. लोक म्हणतील हाफकिनने आधी नाही म्हटलं आणि मग दिलं कसं? दिलं ते तारानाथला नाही, रुग्णालयाला. मागणारी संस्था ओळखीची, कारण योग्य, साहेबाची सही आहे, पाठवून द्या. रुग्णालयाने आत घेतलं कारण माणूस डॉक्टर, वरून ओळख काढून आलेला, प्लेगवर औषध काढलं म्हणतोय. दोन्हीकडे कुणाचीच नियत वाईट नव्हती. मी जिथे नोकरी केली तिथेही दारावरचा नियम आणि साहेबाचा पाहुणा यांची गाठ पडली की दरवेळी पाहुणाच जिंकायचा. 'आपलाच माणूस आहे, करू दे काम.' या एका वाक्यावर वह्यांच्या वह्या कोऱ्या राहिलेल्या बघितल्यात.

—

निशिगंधा

सगळे तपासाचं कौतुक करताय. मला मात्र त्या घराबद्दल बोलायचंय.

चष्मा नाकावर दाबला तेव्हा दिसलं. धनुर्वात झाला तेव्हा कळलं. थिएटरपाशी तो माणूस बघितला. स्टेशनवर न बोलावता भाऊ आला. तरी पोलिसांत कुणी गेलं नाही. पोरगा जिवंत असताना एकदाही नाही. का? कारण खानदान. घरातलं घरात. थोरल्यावर बोट दाखवायचं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर, कोर्टात राणीची साक्ष, वर्तमानपत्रात नाव. मृत्यूनंतरही महिना उलटावा लागला.

आमच्या नात्यात इस्टेट वगैरे काही नाही, सात बाराच्या उताऱ्यावर दोन एकर कोरडवाहू, तरी तेवढ्यासाठी एका काकांनी भावाची सही परस्पर केली. सगळ्या भावकीला माहीत. लग्नात सगळे त्यांच्याच पाया पडतात. म्हणून पाकुडच्या त्या वाड्यात काय चाललं असेल याची मला व्यवस्थित कल्पना येते.

—

पारावरचा

निशिगंधा, अगदी. त्यात अमरेंद्र स्वतःच भावाबद्दल जाहीर बोलायला तयार नसावा असं मला वाटतं. वीस वर्षांचा मुलगा, वडील गेलेले, थोरला भाऊ म्हणजे रीतीने बापाच्या जागी. हा माझा तर्क, कागदोपत्री नाही. पण टोचल्यावरही तो गाडीत बसला, हे मला दुसऱ्या कशाने समजत नाही.

राणींच्या बाजूने एवढंच म्हणेन, की शेवटी गेले तेही घरचेच लोक गेले. बाहेरच्या कुणाला पत्ताच नव्हता. रक्ताचा अहवाल हातात आला तेव्हा पहिल्यांदा संशयाला सरकारी शिक्का मिळाला. तोवर होता तो फक्त बायकांचा आणि नातलगांचा वहीम.

—

कोर्टकचेरी

उशिरा आलो, कोर्टाला सुट्टी नव्हती.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी. पहिली, मारेकरी सापडला नाही तरी शिक्षा कशी झाली असं काहींना वाटेल. इथे मुख्य आरोप कटाचा होता. कटात सुई कुणाच्या हातात होती याने फरक पडत नाही. कोणी ठरवलं, कोणी साहित्य मिळवलं, हे परिस्थितिजन्य पुराव्याने साखळीसारखं जोडता आलं की पुरे. शंकासुरांनी प्रत्येक कडी सुटी काढून वाकवून बघितली. न्यायाधीश ती सुटी बघत नाहीत.

दुसरी, 'मला टोचलं' हे मृताचं वाक्य. इंग्लंडच्या कायद्यात मरणाऱ्याचं बोलणं पुराव्यात यायला त्याला आपण मरतोय याची जाणीव असावी लागायची. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात, कलम ३२ मध्ये, ती अट नव्हती. मरणाला कारण झालेल्या घटनेबद्दल बोलला, एवढं पुरे. अमरेंद्र धडधाकट उभा राहून बोलला होता. लंडनमध्ये असता तर बचावाच्या वकिलाने याच मुद्द्यावर तास घालवला असता.

हायकोर्टालाही हा गुन्हा गुन्हेगारीच्या इतिहासात बहुधा एकमेव वाटला होता. न्यायमूर्ती इतकं सहसा लिहीत नाहीत.

—

चष्मेबद्दूर

(नाव बदलावं का या विचारात आहे.)

वकीलसाहेब, समजा पकडले गेले नसते तर इस्टेट मिळाली असती. आणि समजा खून सिद्ध झाला पण जन्मठेपच झाली, तर तुरुंगात बसून का होईना, भावाचा हिस्सा याच्याच नावावर?

—

कोर्टकचेरी

मस्त प्रश्न. नाही. आज हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ स्पष्ट सांगतं की खुन्याला मृताचा वारसा नाही. तो कायदा १९५६चा. पण गंमत अशी की तत्त्व त्याआधीच ठरलेलं होतं. १९२४ मध्ये केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लाप्पा या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, निकाल दिला, की खुनी हा वारसाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही असं धरायचं. आणि तो खटलाही मुंबई हायकोर्टातूनच लंडनला गेलेला. म्हणजे बिनयेंद्रने पहिली तार ठोठावायला लावली त्याच्या आठ वर्षं आधी.

—

शंकासुर

म्हणजे जंतूंसाठी मुंबईच्या खेपा घातल्या, त्याऐवजी हायकोर्टात एखाद्या वकिलाला पाच रुपये देऊन विचारलं असतं तर?

—

कोर्टकचेरी

काय म्हणून विचारणार? 'साहेब, एका मित्राला विचारायचंय' असं म्हणून?

—

मिरचीभजी

आणि मित्राला आता बरं वाटतंय का म्हणे?